खिमा, मॅकरोनी आणि शिध्याचा भरवसा



या मालिकेत मी लढायांबद्दल कमी आणि लढणाऱ्यांच्या पोटाबद्दल जास्त बोलतो, अशी प्रेमळ तक्रार काही जणांनी केली आहे. तक्रार मान्य. तीस वर्षं फौजेत काढल्यावर माझी खात्री झाली आहे की नकाशावरचा बाण पुढे सरकतो तो मागून येणाऱ्या शिध्याच्या गाडीच्या जोरावर. आजचा विषय तर थेट स्वयंपाकघरातलाच आहे. अमेरिकन घरांत एकाच पातेल्यात होणारं बीफचा खिमा आणि मॅकरोनीचं रात्रीचं जेवण.

हा विषय मला कसा सापडला ते आधी सांगतो. माझी मुलगी बोस्टनजवळच्या एका गावात राहते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको तिकडे गेलो होतो. ती बाळाला घेऊन घरी आली त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा दारात उभे. हातात झाकण लावलेलं बिडाचं जड पातेलं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, तरुणपणी व्हिएतनामला जाऊन आलेले. पातेलं टेबलावर ठेवून ते लगेच गेले नाहीत. म्हणाले, आमच्या घरी हे बीफचं करतात, पण तुम्ही ते खात नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून टर्कीचा खिमा घेतला. मग त्यांनी बोटांवर मोजून सगळं सांगितलं. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, डब्यातले टोमॅटो, मॅकरोनी, वरून थोडं चीज. बीफचं सूप घालतात त्याऐवजी साधं पाणी. पातेलं दोनदा घासलं आणि डाव नवीन काढला.

जेवण छान होतं. पण माझ्या लक्षात राहिली ती त्यांची यादी. फौजेत मी काही काळ क्वार्टरमास्टरचं काम केलं आहे. जवानाच्या थाळीत काय पडलं याचा जाब द्यायची सवय ज्याला असते, त्यालाच अशी यादी सांगावीशी वाटते. मी विचारलं तेव्हा कळलं की तेही पलटणीच्या रसदीवरच होते. त्या रात्रीपासून मी या पदार्थाच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पदार्थ तसा साधा. खिमा परतायचा, कांदा-टोमॅटो घालायचे, पाणी ओतायचं आणि कच्ची मॅकरोनी त्याच रश्श्यात शिजवायची. नावं मात्र ढीगभर. न्यू इंग्लंडमध्ये याला ‘अमेरिकन चॉप सुई’ म्हणतात. मधल्या राज्यांत ‘गुलाश’. तिखट मसाला घातला की ‘चिली मॅक’. ओहायोत भट्टीत भाजून काढतात तेव्हा ‘जॉनी मार्झेटी’. एक नाव चिनी, एक हंगेरियन, एक इटालियन, आणि पातेलं अमेरिकन.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या ताटात वरण वेगळं, भाजी वेगळी, चटणी वेगळी असते. काय खातोय ते दिसतं, नको ते बाजूला सारता येतं. या पातेल्यात सारता येत नाही. मांसाचा खिमा झालेला, टोमॅटोने सगळं लाल झालेलं, शेवयांच्या पोकळीत रस्सा शिरलेला. आत काय आहे ते शिजवणाराच जाणे. म्हणून असं जेवण पुढे ठेवणारा आणि ते खाणारा यांच्यात भरवसा लागतो. या पदार्थाचा इतिहास म्हणजे तो भरवसा कसा तुटला आणि कसा पुन्हा जुळला, याचा इतिहास आहे असं मला वाटतं.

सुरुवात मॅकरोनीपासून करू.

थॉमस जेफरसन १७८४ ते १७८९ या काळात पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून होता. तिथे त्याला मॅकरोनीची गोडी लागली. ती करायच्या यंत्राचं त्याने स्वतः काढलेलं चित्र आजही जपून ठेवलेलं आहे. नेपल्सहून त्याने तसं यंत्रही मागवलं. पण हे सगळं शिजवायला शिकला तो जेम्स हेमिंग्ज. हा जेफरसनचा गुलाम. मालकाने त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. फ्रान्सच्या भूमीवर तो स्वातंत्र्याचा दावा करू शकला असता, तरी तो परतला. पुढे आपली सगळी विद्या दुसऱ्या स्वयंपाक्याला शिकवण्याच्या अटीवर १७९६ साली त्याची सुटका झाली. ज्याला शिकवलं तो त्याचा सख्खा भाऊ पीटर, तोही गुलामच. शाळेच्या पुस्तकांत मॅकरोनीबरोबर जेफरसनचं नाव येतं. चुलीपाशी उभे असलेले हे दोघे भाऊ आत्ताआत्ता दिसू लागले आहेत.

१८०२ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसनने दिलेल्या एका मेजवानीत मॅकरोनीचा एक पाय वाढला होता. मनासे कटलर नावाचे एक काँग्रेस सदस्य तिथे होते. आत काय आहे हेच त्यांना कळेना. त्यांना तो कांद्यासारखा काही प्रकार वाटला, आणि चवही रुचली नाही. शेवटी मेरिवेदर लुईसने, म्हणजे पुढे पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतची प्रसिद्ध मोहीम काढणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने, त्यांना तो इटालियन पदार्थ समजावून सांगितला. अनोळखी पदार्थाबरोबर तो ओळखणारा माणूस लागतो, हे तेव्हापासूनचं.

मॅकरोनी सामान्य घरात यायला मात्र शंभर वर्षं लागली. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांना घरची मॅकरोनी हवी होती आणि ती इटलीहून जहाजाने येई, कारण तिला लागणारा कडक ड्युरम गहू अमेरिकेत फारसा पिकत नव्हता. अमेरिकन कृषी खात्यातला मार्क कार्लटन हा संशोधक रशियाच्या कोरड्या गवताळ मुलखात फिरला आणि १९०० च्या सुमारास तिथून ड्युरमचं बियाणं घेऊन आला. डाकोटाच्या कोरड्या जमिनीत ते छान रुजलं. सुरुवातीला गिरणीवाले ते घेईनात, दाणा फार कठीण म्हणून. मग १९१४ साली महायुद्ध पेटलं, इटलीची आवक आटली, आणि अमेरिकेतच मॅकरोनीचे कारखाने भराभर वाढले. गहू तयार होता. बाजारपेठ युद्धाने दिली.

इथे आपल्याकडची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विदर्भ-मराठवाड्याकडच्या घरांत उन्हाळ्यात सरगुंडे करतात. घट्ट मळलेल्या कणकेची दोरी बारीक काडीवर गुंडाळायची, काडी ओढून काढायची आणि पोकळ नळी उन्हात वाळवायची. आमरसाबरोबर खातात. आकाराने ती मॅकरोनीच की! आणि माळव्यातल्या, कर्नाटकातल्या मराठी मंडळींच्या ओळखीचा बन्सी गहू हा ड्युरमच. म्हणजे वस्तू आपल्याला परकी नाही. आपण ती गोडात घातली, त्यांनी खिम्यात.

आता टोमॅटोचा डबा. हा तर सरळ सरळ फौजेचा मुलगा. अन्न टिकवण्याची पद्धत शोधणाऱ्या निकोलस आपेर या हलवायाला १८१० साली फ्रेंच सरकारने १२,००० फ्रँकचं इनाम दिलं. नेपोलियनचं सैन्य तेव्हा सगळ्या युरोपभर पसरलेलं होतं. आपेर काचेच्या बरण्या वापरत असे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि ते डबे लवकरच ब्रिटिश आरमारावर पोचले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने डबाबंद अन्नाचा धंदा कित्येक पटींनी वाढवला. लाखो शेतकऱ्यांच्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा डबा उघडला तो छावणीत. युद्ध संपल्यावर ते घरी गेले आणि डब्याची सवयही बरोबर घेऊन गेले. पुढच्या दशकांत डबाबंद टोमॅटो अमेरिकन वाणसामानाच्या दुकानातला अगदी नेहमीचा जिन्नस झाला. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना लाल रस्सा करता यायला लागला तो त्या डब्यामुळे.

तिसरा जिन्नस मांस. इथे गोष्ट काळवंडते.

१८६५ साली शिकागोचा प्रचंड गुरांचा बाजार सुरू झाला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गुस्ताव्हस स्विफ्ट या व्यापाऱ्याने बर्फाने थंड केलेले रेल्वेचे डबे वापरात आणले. जिवंत जनावरं पूर्वेच्या शहरांकडे नेण्याऐवजी कापलेलं मांस जाऊ लागलं. स्वस्ताई आली, पण खाटीक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये हजार मैलांचं अंतर पडलं. पूर्वी समोर कापून द्यायचा तो माणूस आता दिसेनासा झाला.

याची किंमत सैनिकांनी मोजली. १८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध झालं. क्युबाच्या उन्हाळ्यात अमेरिकन फौजेला डबाबंद बीफ देण्यात आलं. शिजवायची सोय नाही, डबा उघडला की घशाखाली उतरेना असा गिळगिळीत गोळा. सरसेनापती जनरल नेल्सन माइल्स यांनी जाहीर आरोप केला की सैन्याला रसायनं घातलेलं मांस दिलं गेलं. मुडद्यात मसाला भरतात तसं ते मांस, म्हणून त्याला नावही तसंच पडलं. १८९९ साली चौकशी बसली. त्यात थिओडोर रुझवेल्ट यांनीही साक्ष दिली. ते स्वतः त्या मोहिमेत होते, आणि यापेक्षा मी माझी जुनी टोपी खाल्ली असती, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. रसायनांचा आरोप चौकशीत सिद्ध झाला नाही. पण उष्ण मुलखात चालत्या फौजेला तो डबा हाच मुख्य शिधा म्हणून देणं चूक होतं, हे मान्य झालं. त्या युद्धात लढाईत पडले त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक अमेरिकन सैनिक टायफॉइड, मलेरिया, पिवळा ताप अशा रोगांनी गेले. सगळा दोष मांसाचा नव्हता. पण एकदा डब्यावरचा विश्वास उडाला की सैनिक प्रत्येक दुखण्याचं खापर त्याच्यावरच फोडणार, आणि त्याला तुम्ही दोष देऊ शकत नाही.

१९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. लेखकाला शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांचे हाल दाखवायचे होते. वाचकांनी धसका घेतला तो आपल्या ताटातल्या मांसाचा. तोवर रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्याच वर्षी जूनमध्ये मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे एकाच दिवशी झाले. सरकारी तपासनिसाचा शिक्का मांसावर आला. दिसेनाशा झालेल्या खाटकाच्या जागी निदान एक जबाबदार माणूस तरी उभा राहिला. खिमा हा मांसाचा सर्वांत संशयास्पद प्रकार. कुठला तुकडा, किती चरबी, काही कळत नाही. तो अमेरिकन गृहिणीचा रोजचा आधार होऊ शकला त्यामागे हा शिक्काही आहे.

जिन्नस झाले. आता पातेलं.

एकाच भांड्यात मांस शिजवणं ही गुराख्यांची आणि शिपायांची जुनी युक्ती. ‘गुलाश’ हा शब्दच हंगेरीतल्या गुराख्यांवरून आला, कुरणात कढई टांगून ते शिजवायचे म्हणून. फौजेत याला शास्त्राचं रूप दिलं अॅलेक्सी सोये या फ्रेंच बल्लवाचार्याने. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली तो स्वखुशीने ब्रिटिश छावणीत गेला. तिथे शिपाई आपापला शिधा आपापल्या परीने उकळत बसायचे. लाकूड संपायचं आणि मांस कच्चं राहायचं. सोयेने बंद चुलीवर मोठं भांडं बसवलं. सरपण कमी, धूर कमी, ज्योत शत्रूला दिसत नाही, आणि एक माणूस अख्ख्या तुकडीचं जेवण करतो. त्या चुलीच्या सुधारित आवृत्त्या ब्रिटिश सैन्याने पुढे सव्वाशे वर्षं वापरल्या. जर्मन फौजेत घोड्यांनी ओढायची चाकांवरची स्वयंपाकाची गाडी आली. तिचं धुराडं तोफेच्या नळीसारखं दिसायचं, म्हणून शिपायांनी तिचं नाव ठेवलं गुलाशची तोफ.

या पातेल्यामागचं गणित फौजी माणसाला लगेच कळतं. चूल एक, भांडं एक, पाण्याचं माप एक. मांस कमी असेल तर चुरा करा, म्हणजे प्रत्येक घासात थोडं येतं. धान्य त्यातच शिजवा, म्हणजे मांसाचा अर्क फुकट जात नाही. भांडी घासायला पाणी कमी. माणूस उशिरा आला तरी पातेलं गरम ठेवता येतं. अमेरिकन लष्कराच्या आचाऱ्यांसाठी १९१६ साली निघालेल्या पुस्तकात ‘अमेरिकन चॉप सुई’ हे नाव छापलेलं आहे.

हे गणित कुठे अडतं तेही सांगायला हवं, आणि ते उदाहरण आपलंच आहे. त्याच १९१६ साली, इराकमधल्या कूत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिलअखेरपर्यंत, १४७ दिवस वेढा चालला. शिधा संपत आला तसे घोडे आणि खेचरं मारून त्यांचं मांस वाटणं सुरू झालं. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली, ती आलीही. तरी महिनोन्‌महिने शिपाई नाहीच म्हणत राहिले. शेवटी एप्रिलमध्ये धान्य काही औंसांवर आलं तेव्हा अनेकांनी खायला सुरुवात केली. तोवर स्कर्व्हीने आणि उपासमारीने माणसं खंगली होती.

इंग्रजी पुस्तकांत याला शिपायांचा हट्ट म्हणतात. मला ते पटत नाही. गावी परतल्यावर पंगतीत आपल्याला कुठे बसवतील, हा प्रश्न त्या शिपायाला रोज छळत असणार. कागदावरची परवानगी वरून आली होती. गावच्या पंगतीची हमी तिथे कुणी देऊ शकत नव्हतं. फौजेचं गणित उष्मांकांचं असतं, शिपायाचं गणित त्याहून मोठं असतं. म्हणून आपल्या सैन्यात लंगराचा मान इतका सांभाळतात. लांगरीवर पलटणीचा विश्वास असतो, आणि अधिकारी जवानांच्या आधी तेच अन्न चाखतो. मीही ते वर्षानुवर्षं केलं. ते चाखणं चवीसाठी नसतं.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. १९२९ नंतर महामंदी आली. १९३७ साली क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीजची पूड एका खोक्यात घालून १९ सेंटला विकायला काढली, चार माणसांचं जेवण म्हणून. पाठोपाठ दुसरं महायुद्ध. १९४२ साली सरकारने लोकांना विनंती केली की माणशी आठवड्याला अडीच पौंडांपेक्षा जास्त मांस घेऊ नका. विनंतीने भागलं नाही. मार्च १९४३ मध्ये आधी डबाबंद भाज्या-फळं आणि मग मांस, चीज, लोणी रेशनवर आलं. डब्यांना निळे गुण, मांसाला तांबडे. प्रत्येक माणसाच्या नावाने पुस्तिका, तान्ह्या बाळाच्याही. खिम्याला चांगल्या तुकड्यांपेक्षा कमी गुण लागत आणि कोरड्या मॅकरोनीला गुण नव्हतेच. आता एखाद्या गृहिणीच्या जागी बसून हिशेब करा. पौंडभर खिमा, एक डबा टोमॅटो, आणि पोट भरायला मॅकरोनी. चार-पाच जणांचं रात्रीचं जेवण झालं. सैन्याचं गणित असं घरात शिरलं.

त्या काळातला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मांस पुरावं म्हणून लोकांनी काळीज, गुर्दे असे अवयव खावेत अशी सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे गट केले. काही गटांना व्याख्यान दिलं. काहींना आपापसांत बोलून ठरवू दिलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते मांस घरी केलं. बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. हुकमाने पातेलं भरता येतं, पण ते रिकामं व्हायचं तर खाणाऱ्यालाही विचारावं लागतं. कूतमध्ये कुणी शिपायांना विचारलं होतं?

आणि हेही विसरू नका. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ होता. वीस ते तीस लाख माणसं गेली असा अंदाज आहे. अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या नावाची पुस्तिका निघत होती, आणि आपल्याकडे कोट्यवधी माणसं कुणाच्याच हिशेबात नव्हती. रेशनची रांग कंटाळवाणी असते खरी, पण तिच्यात आपलं नाव आहे हीच मोठी गोष्ट असते.

युद्धानंतर मांस मुबलक झालं, तरी पातेलं गेलं नाही. १९७१ साली ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचं खोकं देशभर विक्रीला आलं. आत शेवया किंवा तत्सम काही आणि मसाल्याची पूड. घरचा पौंडभर खिमा तेवढा घालायचा. दोन वर्षांनी मांसाचे भाव इतके चढले की मार्च १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कमाल दर बांधले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी मांसावर बहिष्कार टाकला. खोक्याचा खप वाढायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? मग ऐंशीच्या दशकात अमेरिकन सैन्याला पाकीटबंद तयार जेवण मिळू लागलं. पुढे त्यात चिली मॅकरोनीचं पाकीट आलं. सैनिक त्यासाठी बाकीची पाकिटं बदलून देतात. छावणीतून घरात गेलेला पदार्थ घरातून पुन्हा छावणीत आला, आणि आता सैनिकाला तो आईच्या हातचा वाटतो.

आता तो घरी करायचा कसा. हे बोलणं स्वयंपाकाच्या वर्गासाठी नाही, पण यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्यांचं चौघांचं माप असं. अर्धा किलोच्या आत-बाहेर खिमा, दोन कांदे, एक ढोबळी मिरची, चार लसूणपाकळ्या, टोमॅटोचा आठशे ग्रॅमचा मोठा डबा, पाव किलोला किंचित कमी मॅकरोनी आणि दोन कप पाणी. बिडाचं पातेलं चांगलं तापवून खिमा पसरायचा आणि लगेच ढवळायचा नाही. तळाला तपकिरी खरपुडी धरली पाहिजे, चव तिथेच तयार होते. मग कांदा-मिरची-लसूण, मग टोमॅटो आणि पाणी. तळाची खरपुडी खरवडून रश्श्यात मिसळायची. उकळी आली की मॅकरोनी, झाकण, मंद आच, मधूनमधून ढवळणं. साधारण पंधरा मिनिटं. शिजताना मॅकरोनीचं वजन दुपटीच्या वर जातं. पाणी ती पिते आणि बदल्यात स्टार्च सोडते, त्यानेच रस्सा दाट होतो. मऊ गव्हाच्या शेवया इथे विरघळून लगदा होतील. ड्युरमची मॅकरोनी टोमॅटोच्या आंबट रश्श्यातही आकार धरून राहते. कार्लटनच्या गव्हाची खरी परीक्षा या पातेल्यात होते. शेवटी आच बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवायचं.

बीफबद्दल एक स्पष्ट बोलतो. ऐकणाऱ्यांत सगळे आहेत. गोव्यात, केरळात, मेघालय-नागालँडमध्ये अनेक घरांत हे मांस रोजचं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. माझ्या घरी ते शिजत नाही, आणि मी माझ्याबरोबर जेवणाऱ्या कुणाच्याही ताटात कधी डोकावलो नाही. मी बोकडाचा खिमा घेतो. तो चिवट असतो, म्हणून मॅकरोनी घालण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं नुसता शिजवून घ्यावा लागतो, नाहीतर शेवयांचा गाळ होतो आणि खिमा दाताखाली येतो. पहिल्यांदा माझं तेच झालं. बायकोने शांतपणे खाल्लं आणि म्हणाली, “फौजेत हेच द्यायचात का?”

मुलीकडून परत निघायच्या आदल्या दिवशी मी ते पातेलं आजोबांना परत द्यायला गेलो. भरलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही आपली रीत. आत मुगाची खिचडी घातली होती. त्यांच्या दारात उभा राहिलो आणि बोटांवर मोजत सांगितलं. तांदूळ, मुगाची डाळ, हळद, जिरं, मीठ, वरून तूप. दूध-तुपाचं वावडं असेल तर सांगा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि झाकण उघडून आधी वास घेतला.

मग आतून दोन चमचे आणले. एक माझ्या हातात दिला.